राक्षसाचे डोळे

आमच्या पडवीच्या आढ्याला एक वेताची पाटी टांगलेली असे. तिच्यात जुन्या धोतरात गुंडाळलेलं राक्षसाचं तोंड होतं. मुखवटा हा शब्द मला पुढे लोणावळ्याच्या शाळेत मिळाला. आमच्या वाडीत, म्हणजे औंढे गावाच्या पलीकडे डोंगराला चिकटून असलेल्या पंधरा-वीस उंबऱ्यांत, त्याला तोंडच म्हणत. चैत्रात भैरोबाची जत्रा झाली की दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर वाडीत सोंगं निघत. आधी गणपती, मग वाघ, मग दोन-चार हसवणारी सोंगं आणि सगळ्यात शेवटी राक्षस. राक्षसाला कमरेला कासरा बांधून पारापासून देवळापर्यंत आणायचं, देवापुढे त्यानं गुडघे टेकायचे, पुजाऱ्यानं त्याच्यावर भंडारा उधळायचा, की गाव वर्षभरासाठी मोकळं झालं. हे सोंग घ्यायचा मान आमच्या घराचा, आणि घरात तो माझ्या थोरल्या चुलत्यांचा होता. त्यांना घरचे-दारचे सगळे आबा म्हणत.

ते तोंड आबांच्या आजोबांनी केलेलं. चिखलाच्या साच्यावर चिंध्या आणि कागद चिंचोक्याच्या खळीनं थरावर थर चिकटवलेले, आकारानं सुपाएवढं. गाल गेरूनं रंगवलेले, जबड्यात शिंपल्यांचे दात, आणि चुन्यावर काजळीनं काढलेले वटारलेले डोळे. त्या डोळ्यांना भोकं नव्हती. तोंड घालणाऱ्यानं नाकपुड्यांतून पाहायचं. त्यामुळे राक्षसाची हनुवटी सदा वर असे आणि पाय चाचपत पडत. आम्ही पोरं त्या चालीलाच भ्यायचो. दोन गोष्टी मात्र कसोशीनं सांभाळायच्या. तोंडाला लोखंड लावायचं नाही, सुईसुद्धा नाही. फाटलं तर खळ लावून सांधायचं. आणि ते घालणारा माणूस अंगानं धड हवा. लुळा-पांगळा, आंधळा माणूस राक्षस म्हणून न्यायचा नाही, कारण दुबळ्याला नमवण्यात देवाचा कसला मोठेपणा, असं आमचे पाटील सांगत.

आबांना बायको-मूल नव्हतं. तरुणपणी ते घाटात रेल्वेच्या गँगवर होते, रुळांखाली खडी ठोकायला. ते काम सोडून घरी बसले तेव्हापासून गुडघ्यांचं कारण सांगत. शेत माझे वडील बघत, आणि आबा दिवसभर पडवीत घोंगडीवर बसून वाखाचे दोर वळत. घाटात गाडीला मागून रेटणारी इंजिनं असत, त्यांचे धापा टाकल्यासारखे आवाज वाऱ्याबरोबर आमच्यापर्यंत येत, आणि आबा त्यावरून वेळ सांगत. आई वाईट नव्हती. पण आबांचं ताट ती पडवीत ठेवी आणि “जेवा” एवढंच म्हणून आत वळे. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, वर मिरचीचा खर्डा. कधी सुकट भाजली की तिचा वास ताटाआधी बाहेर पोचे आणि आबा म्हणत, “आज दिवाळी हाय जणू.” आई हसत नसे. सोंगांच्या दिवशी मात्र तीच आई डोक्यावरून पदर घेऊन आबांच्या पाया पडे, तोंडाला हळदकुंकू लावी आणि पुरणाची पहिली पोळी त्यांच्या पानात वाढी. गावातल्या म्हाताऱ्या पोरं घेऊन येत, आबांचा हात त्यांच्या डोक्यावर ठेवून घेत. त्या दिवसाची तयारी आबा महिनाभर आधीपासून करत, म्हणजे दाढी राखत आणि कमी बोलत.

कासरा धरण्याचं काम माझ्याकडे होतं. घरातल्या पोरानं राक्षसाला बांधून पुढे चालायचं, अशी रीत. मी बारा वर्षांचा असेन, त्या वर्षी पाराजवळ कासरा बांधताना आबा तोंडाआडून हळूच म्हणाले, “किसना, सैल सोडू नगंस. दगड आला की दोनदा वढ. पायरी आली की एकदा.”

“का वो आबा? नाकातनं दिसत न्हाई?”

“नाकातनं दिसतंय. मलाच दिसत न्हाई.”

असं मला कळलं. त्यांच्या बुबुळांवर साय धरली होती. नजर अधू झाली आहे हे घरात ठाऊक होतं, पण ती गेलीच आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं. घर, विहीर, देऊळ त्यांना पायांनी पाठ होतं. गँगची नोकरीही त्यामुळेच गेली होती. “कुनाला बोलायचं न्हाई,” ते म्हणाले, “येवडा येकच दिस हाय माजा.” पुढची तीन वर्षं मी ओढत गेलो, दगडाला दोनदा आणि पायरीला एकदा, आणि आबा देवापुढे नेमके गुडघे टेकत गेले. कोणाला कळलं नाही. आज मी पन्नाशी ओलांडली आहे, नोकरीत माणसांनी माझ्या हाताखाली कामं केली आहेत, पण माझ्यावर एवढा विश्वास कोणी टाकलेला मला आठवत नाही.

त्या तीन वर्षांनंतरच्या वर्षी आमच्या वर्गात अरविंद आला. लढाई चालू होती, मुंबईवर बाँब पडतील या धास्तीनं बरीच मंडळी लोणावळ्याच्या बंगल्यांत येऊन राहिली होती. अरविंदचे वडील वकील होते आणि त्याच्याकडे चावीचा सिनेमाचा कॅमेरा होता. वर्गातल्या मुलांना घेऊन एक चित्रपट काढायचा असं त्याच्या मनात आलं. गोष्ट त्यानंच लिहिली होती: गुहेत राहणारा राक्षस गावाचं पाणी अडवतो आणि शाळेतला एक हुशार मुलगा त्याला मारतो. हुशार मुलगा अर्थात अरविंद. राक्षस करीम, कारण तो वर्गात सगळ्यांत थोराड. त्याच्या वडिलांची बाजारात बेकरी होती आणि त्याच्या अंगाला कायम नानकटाईचा वास येई. मला काहीच नव्हतं. मी रोज तासभर चालत शाळेत येणारा, ‘नाही’ला ‘न्हाई’ म्हणणारा मुलगा. सगळ्यांच्या दप्तरांजवळ बसायचं काम मला मिळालं होतं, आणि ते गेलं तर मी त्या बंगल्याच्या फाटकाच्या आत परत येणार नाही हे मला माहीत होतं.

राक्षसाचं तोंड निवडायला आम्ही बंगल्याच्या व्हरांड्यात बसलो. अरविंदनं बाजारातून पुठ्ठ्याचा मुखवटा आणला होता, मिशांचा, शिमग्याला पोरं घालतात तसला. तो पाहून सगळे हसले. मग त्यानं वडिलांचा गॅसमास्क आणला, काळा, रबराचा, पुढे सोंड. करीमनं तो चढवला आणि आतून घुसमटत म्हणाला, “यात मी राक्षस नाही, गणपती वाटतोय. मोदक आणा.”

“मग तोंडाला काजळ फासू,” कोणीतरी म्हणालं.

“काजळात करीम करीमच दिसतो,” अरविंद म्हणाला. “एकच रीळ उरलंय माझ्याकडे. लढाई संपेपर्यंत दुसरं मिळणार नाही. राक्षस बघून लोक घाबरले पाहिजेत.”

“आमच्या घरी खरा राक्षस आहे,” मी म्हणालो. सगळे माझ्याकडे वळले. तसं त्याआधी कधी झालं नव्हतं.

आबांना विचारायला मला दोन दिवस लागले. ते नाही म्हणतील असं वाटत होतं. ते तोंड वेळेआधी कधी पाटीतून निघालेलं नव्हतं आणि जत्रेला नऊ दिवस उरले होते. आई विहिरीवर गेलेली पाहून मी विचारलं. आबांनी दोर वळणं थांबवलं.

“शिनेमा म्हंजी ते पडद्यावर मानसं हालत्यात त्ये?”

“व्हय. आमी पोरंच काढनार हाय.”

“मंग त्यात मी दिसंन?”

“तुमी न्हाई आबा, करीम घालनार. बेकरीवाल्याचा.”

“आरं, तोंड कुनाचं? माजंच न्हवं?” त्यांनी बराच वेळ बोटांत वाख फिरवला. “मला काई त्यो बघाया गावायचा न्हाई. तू बघशील आन् सांगशील. जा घिऊन. लोखंड लावू नगा फकस्त. आन् तुज्या आयला कळू दिऊ नगंस.”

टेकडीवर, एका कातळाखालच्या कपारीशी, भर दुपारी बारा वाजता आम्ही सगळे जमलो. उजेड भरपूर हवा म्हणून अरविंदनं मुद्दाम ती वेळ ठरवली होती. तोंड पाहून मुलं दोन पावलं मागे सरली. करीमनं ते घालण्याआधी हात झटकून पुसले, ते माझ्या लक्षात राहिलं आहे. पण चालायला लागल्यावर तो दोनदा अडखळला, तिसऱ्यांदा पडता पडता वाचला. अरविंद कॅमेऱ्याला डोळा लावून पाहत होता. त्यानं मान हलवली.

“हा बाहुला दिसतोय रे. डोळे मेलेत. मला अगदी जवळून घ्यायचंय, डोळे हलले पाहिजेत. नाहीतर आपला गॅसमास्क बरा.”

“भोकं पाडली तर?” दुसरा एक जण म्हणाला.

अरविंदनं खिशातून चाकू काढला आणि माझ्यापुढे धरला. “तुझी वस्तू आहे. तू ठरव.” त्याच्या बोलण्यात जबरदस्ती नव्हती. हे मी आवर्जून लिहितो, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला उलटं सांगत आलो.

करीमनं तोंड काढून हातात घेतलं होतं. “राहू दे, किसन,” तो म्हणाला. “कागदाचं असलं तरी देवाचं आहे ना ते? गॅसमास्कात मी नाचतो पाहिजे तर.”

मी त्याच्या हातातून ते घेतलं. खळीचे थर दगडासारखे घट्ट होते. चाकू आधी आत जाईना, मग एकदम गेला आणि कर्र असा आवाज झाला. दोन्ही बुबुळं मी कापून काढली. रुपयाएवढ्या त्या दोन चकत्या मी खिशात टाकल्या. मुलांनी माझ्या पाठीवर थाप मारली. अरविंद मला म्हणाला, “आता तू माझ्याजवळ उभा राहा.” कॅमेऱ्याचा खर्रखर्र आवाज चालू असताना मी त्याच्याजवळ उभा होतो, आणि मला आनंद होत होता. तोही मी लिहून ठेवतो.

तो आनंद उतार संपेपर्यंतही टिकला नाही. औंढ्याच्या ओढ्याशी मी गाठोडं उघडलं, आणि त्या दोन भोकांतून पलीकडचं पाणी दिसलं. तिथे मला पहिल्यांदा उमगलं की भोकांतून आतलं बाहेरही दिसणार. आजवर राक्षसाचे डोळे झाकलेले होते म्हणून आबांचे झाकले जात होते. मी ओढ्याकाठी बसून राहिलो. तोंड ओढ्यात सोडून द्यावं आणि हरवलं म्हणून सांगावं असंही मनात आलं. मग वाटलं, तोंडच नसेल तर आबांचा दिवसही नाही. सांधायचं तर चिंचोके भाजायचे, भिजवायचे, वाटायचे, खळ शिजवायची. घरात आईच्या देखत ते होणं शक्य नव्हतं. गाठोडं मी गोठ्यातल्या पेंढ्यात लपवलं. दुसऱ्या दिवशी लोणावळ्याहून डिंकाची बाटली आणली, लिफाफ्याला लावतात तो डिंक. चकत्या बसवल्या, मागून वहीचा कागद लावला, कडांवर चुना आणि काजळी फिरवली. रोज शाळेतून आलो की पेंढ्यात हात घालून चाचपायचो. चकत्या घट्ट होत्या. तरी मला जेवण जाईना. आई म्हणाली, “करवंदं खाल्ली असशील भाईर.” देवाला मी रोज एकच विनवत होतो की यंदा आबांना ताप येऊ दे, थोडाच, त्या एका दिवसापुरता.

जत्रेच्या दिवशी मी तोंड पाटीत परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी ते खाली घेतलं, मांडीवर ठेवलं आणि नेहमीप्रमाणे त्यावरून तेलाचा हात फिरवायला लागले. कपाळ, नाक, दात. मग बोटं डोळ्यांवर गेली आणि थांबली. मी दाराआड उभा होतो. ती बोटं पुन्हा कडेनं गोल फिरली. आबा म्हणाले, “ऊन लय हाय यंदा,” आणि पुढे गालांना तेल लावू लागले.

संध्याकाळी पारापासून आम्ही निघालो. आमचं देऊळ पूर्वेला तोंड करून आहे, त्यामुळे देवळाकडे जाताना मावळतीचं ऊन समोरून तोंडावर येतं. मी कासरा धरून पुढे. दगडाला दोनदा ओढलं. मागे वळून पाहिलं तर आबांच्या गळ्यावरून घाम ओघळत होता. निम्म्या वाटेत उजवी चकती सुटली, क्षणभर कागदाच्या धाग्यावर लोंबली आणि पडली. पोरं हसली. मग डावी पडली. आणि राक्षसाच्या लालभडक तोंडात दोन पांढरे डोळे उघडे पडले, सरळ सूर्याकडे लागलेले, न मिटणारे. वाजंत्री एकेक करून थांबली. आबा मात्र चालत होते, कारण मी ओढत होतो. मला थांबायचंही सुचलं नाही.

पाटील पुढे आले. त्यांना सगळे तात्या म्हणत, आबांच्या बरोबरीचे, लहानपणी एकत्र गुरं राखलेले. त्यांनी आबांच्या डोळ्यांपुढे हात हलवला. “आबा, किती बोटं हायेत?”

आबांनी मान आवाजाच्या दिशेला वळवली.

“किती दिस झालं ह्याला?”

“लय न्हाई,” तोंडाआडून आवाज आला. “झाली चार-पाच वरसं.”

तात्यांनी स्वतः तोंड सोडवून हातात घेतलं आणि भोकांच्या कडा पाहिल्या. “ह्ये चाकूनं कापल्यालं हाय. लोखंड लावलंया. कुनी?”

कासरा माझ्या हातात होता. दुसरं टोक आबांच्या कमरेला होतं. मधे तीन हात अंतर असेल. मला फक्त तोंड उघडायचं होतं.

“मीच कापलं,” आबा म्हणाले. “म्हनलं उजेड यील जरा.”

“आरं, आंधळ्याला भोकं पाडून काय दिसनार व्हतं?”

“चुकलं, तात्या.”

मागून कोणीतरी हसलं. मी काही बोललो नाही. तेव्हाही नाही, घरी आईनं कपाळावर हात मारून “ह्या वयात काय सुचलं तुमास्नी” म्हणून आबांना ऐकवलं तेव्हाही नाही. आबांसाठीची पुरणपोळी झाकून ठेवलेली होती. ती तिनं मला वाढली, आणि मी ती खाल्ली. मान भावकीतल्या दुसऱ्या घराकडे गेला. त्यांनी नवं तोंड केलं, ते उघड्या डोळ्यांचं, म्हणजे पुन्हा कोणी फसवायला नको. अलीकडे जत्रेला गेलो तेव्हा एका तरुणानं मला कौतुकानं सांगितलं की आमच्या राक्षसाचे डोळे पूर्वापार असेच उघडे असतात. मी मान डोलावली.

रीळ मुंबईहून धुऊन यायला महिना लागला. बंगल्यातल्या खोलीत पडदे ओढून अरविंदनं ते भिंतीवर दाखवलं. सगळं मिळून चार मिनिटं. राक्षस कपारीतून बाहेर आला, हनुवटी वर करून कॅमेऱ्याकडे चालत आला, अगदी जवळ आला. माथ्यावर बाराचं ऊन. भुवयांची सावली खाली पडली होती. डोळ्यांच्या जागी दोन काळी भोकं होती. आत कोणी आहे असं वाटतच नव्हतं. अरविंद “अरेरे” म्हणाला आणि त्यानं पुढचा भाग लावला. करीमनं अंधारात माझ्याकडे पाहिलं असावं. मी भिंतीवरून नजर हलवली नाही.

त्या संध्याकाळी घरी आलो तर आबा पडवीत वाट पाहत बसले होते. सोंगांच्या दिवसापासून ते घराबाहेर पडले नव्हते. माझं पाऊल ओळखून त्यांनी घोंगडीवर हातानं जागा दाखवली.

“आला का शिनेमा?”

“आला.”

“सांग मंग.”

मी सांगायला लागलो. कपार, कातळ, पळणारी पोरं. ते मान कलती करून ऐकत होते, हात दोरावर चालू होते. राक्षस बाहेर येतो, मी म्हणालो, आणि लोक घाबरत्यात.

“आन् डोळं?”

घाटात इंजिनं रेटत होती. त्यांचा आवाज पार वर जाईपर्यंत मी थांबलो.

“दिसत्यात, आबा. लांबनं सुदिक दिसत्यात. जित्तं दिसत्यात.”

आबांची बोटं थांबली. “मंग कापलंस त्ये बरं केलंस, किसना,” ते म्हणाले, आणि पुन्हा दोर वळू लागले.

त्यानंतर ते दोन वर्षं होते. वाडीत सोंगं निघाली, वाजंत्र्यांचा आवाज पडवीत यायला लागला, की ते मला जवळ बसवून तो सिनेमा पहिल्यापासून सांगायला लावत. मी सांगत असे, आणि डोळ्यांपाशी आलो की तेच सांगत असे.